पोर्तोच्या पायऱ्यांवरचं भांडण

रेवती,

तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की तू समोर असतीस तर मध्येच उठून पार्किंगमध्ये जाऊन बसली असतीस. कम्युनिटी हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एक जण म्हणाला, तू झुंजार होतीस. एकीनं सांगितलं, तुझ्या तोंडून कधी कुणाबद्दल वाकडा शब्द ऐकला नाही. शेवटी कुणीतरी ‘सदा हसतमुख’ म्हणालं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या तुझ्या समीरनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघांना माना खाली घालाव्या लागल्या. सकाळची कॉफी पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची तुझ्या नवऱ्याचीही छाती नव्हती, हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हालाच ठाऊक होतं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. माझ्याकडे तुझ्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते बहुतेक भांडणांबद्दलच आहे, आणि हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून ते कसं सांगणार? म्हणून आज ऑफिसला सुट्टी टाकून डायनिंग टेबलाशी बसले आहे आणि तुलाच लिहिते आहे. काल तुझी लेक ईरा माझ्याकडे येऊन गेली. ती काय बोलली ते तुला सांगायचं आहे, पण पोर्तोचं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. सिएटलजवळच्या आपल्या बॉथेलमधल्या दिवाळीच्या पॉटलकला मी पोहे करून नेले होते. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, सगळं कसं रीतसर. तू, कोण कुठली, आलीस, झाकण उघडलंस आणि आपल्या डब्यातली लालभडक तर्री माझ्या पोह्यांवर ओतलीस. मी म्हटलं, “अहो, हे काय करताय?” तू मान वर न करता म्हणालीस, “पोहे खाण्यालायक करून राहिली.” या नागपूरच्या बाईशी पुन्हा बोलायचं नाही, असं मी घरी येताना गाडीत ठरवलं होतं. आठवड्याभरात तू कुठूनतरी माझा नंबर मिळवून फोन केलास. मला वाटलं, सॉरी म्हणणार. तुला एवढंच विचारायचं होतं, की पोह्यांचा ट्रे चाटूनपुसून रिकामा झाला होता, ते मी पाहिलं की नाही.

तेव्हापासून तुझ्याशी वाद घालणं हा माझ्या अमेरिकेतल्या आयुष्याचा एक भागच होऊन गेला. मला इथं मैत्रिणी बऱ्याच मिळाल्या. भांडायला मात्र तूच मिळालीस, आणि परक्या देशात ते किती लागतं हे मला आता कळतं आहे.

तुझा आजार कळला आणि मील ट्रेन सुरू झाली. कोणत्या दिवशी कोण डबा पोचवणार ते ऑनलाइन ठरायचं, आणि ज्याची पाळी येईल तो मुगाची मऊ खिचडी घेऊन यायचा. तुमचा फ्रीज खिचडीनं भरून गेला. तू मला फोन करून म्हणालीस, “अनघा, मला कॅन्सर झाला आहे, माझे दात नाही पडले. कोणी तिखट काऊन नाही आणून राहिलं?” मी म्हटलं, डॉक्टरांनी मसालेदार नको सांगितलं आहे. तू फोन ठेवून दिलास. संध्याकाळी मी मुकाट्यानं तुमची ती कोथिंबिरीची सांबारवडी तळून आणली. पुण्याच्या बाईनं पहिल्यांदाच केलेली, ती तेल प्यायली होती. तू दोन खाल्ल्यास आणि खाऊन होईपर्यंत तिला नावं ठेवलीस. त्या दिवसांत तुझं पोट सांबारवडीपेक्षा नावं ठेवण्यानंच जास्त भरायचं.

हळूहळू सगळे तुझ्याशी खालच्या आवाजात बोलायला लागले. तू चुकीचं बोललीस तरी माना हलवायला लागले. आणि ईरा. ती तेव्हा सोळाची. ज्या पोरीनं शॉवरला किती वेळ लावायचा यावरून तुझ्याशी कडाक्याची भांडणं केली, ती एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. भांडी डिशवॉशरमध्ये लाव म्हटलं, की ‘शुअर, मॉम.’ फोन ठेव म्हटलं, की ‘शुअर, मॉम.’ आम्ही बाकीच्या बायका म्हणायचो, पोरगी किती समजूतदार झाली. तू यावर काही बोलायची नाहीस.

वसंतात नवा स्कॅन आला. चालू औषधाचा उपयोग थांबला होता. डॉक्टरांनी सिएटलमध्ये चाललेल्या एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल सांगितलं. आठवड्यातले बरेचसे दिवस हॉस्पिटलमध्ये, ताप, उलट्या, आणि गुण येण्याची थोडीशी शक्यता. उत्तर द्यायला काही आठवड्यांची मुदत होती. तोवर सगळी औषधं बंद असल्यामुळे तुझ्यात जरा जीव आला होता. तू म्हणालीस, “चल कुठंतरी. जुनं गाव पाहिजे, गल्ल्या पाहिजे, आणि ओळखीचं एक माणूस नको. आता कोणी माझा हात हातात घेतला ना, तर मी त्याला चावीन.” समीरला बरोबर यायचं होतं. त्याला तू सांगितलंस, की दिवसभर तुझा चेहरा वाचत बसायला मला नाही जमणार. बिचाऱ्यानं तुझी बॅग भरून दिली.

ट्रिप आखायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी पोटासाठीसुद्धा तेच करते, दुसऱ्यांची कामं रांगेत लावून देते. तुझी एकच अट होती, ओळखीचं कुणी नको. आता बॉथेलमधली अर्धी मराठी माणसं लाँग वीकेंडला युरोपात असतात, आणि सगळ्यांकडे व्हॉट्सॲपवर फिरणारा एकच आराखडा असतो. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. म्हणून मी ती तिन्ही नावं काढून टाकली. कोण कधी कुठं जाणार आहे ते गप्पांमधून काढून घेतलं. अमेरिकेच्या सुट्ट्या पाहिल्या, भारतातल्या शाळांच्या सुट्ट्यासुद्धा पाहिल्या, आणि सगळ्यांना चुकवून पोर्तोचे दिवस पक्के केले. नदीकाठचं शांत गाव, फार चालायला लागणार नाही, अशा थाटात तुला फोटो पाठवले. पोर्तुगालच्या सुट्ट्या तेवढ्या पाहायच्या राहिल्या.

टॅक्सीवाल्यानं आपल्याला चौकातच उतरवलं. पुढं रस्ता बंद होता. घरांवरून घरांवर रंगीत कागदी पताका, दारोदारी शेगड्या, गल्लीच्या तोंडाशी कर्ण्यांवर गाणी, आणि माणसंच माणसं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, काहीतरी छोटंसं असेल, संपेल आता. तेवढ्यात समोरून टाय लावलेला, ऑफिसातून निघालेला एक जाडजूड गृहस्थ आला, त्यानं प्लास्टिकची हातोडी काढली, तुझ्या डोक्यावर ‘पूंक’ करून मारली आणि हसून पुढं गेला. मी त्याच्यामागे ओरडले, “अहो!” तिथं अहो कुणाला कळणार होतं?

खोलीची मालकीण बाई आपल्याला बघून खूश झाली. नेमक्या दिवशी आलात, म्हणाली. संत जॉनचा सण होता, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा. तिनं तोडक्यामोडक्या इंग्रजीत नियम सांगितला, की आज तुम्ही कुणालाही डोक्यावर मारायचं, कुणीही तुम्हाला मारणार, आणि कुणीही रागवायचं नाही. पूर्वी लसणाच्या फुलांचे लांब दांडे लोकांच्या तोंडावरून फिरवायचे, हातोड्या नंतर आल्या. तिनं तुझ्या स्कार्फकडे पाहिलंच नाही. पाहिलं असेल तर दाखवलं नाही.

मी तुला खोलीतच बसायचा सल्ला दिला. डॉक्टरांनी गर्दीत जपायला सांगितलं होतं. तू मास्क लावलास आणि बूट घातलेस. मग मी माझी घडीची छत्री घेतली. लख्ख उन्हात मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून पोर्तोच्या गल्लीतून निघाले. हातोडी उगारलेला कुणी दिसला, की मी छत्री तिकडे तिरकी करायची आणि “नो, नो, प्लीज” म्हणायची. लोक गोंधळायचे, हातोडी खाली घ्यायचे, तुझ्याकडे पाहायचे. आणि पाहिल्यावर त्यांचे चेहरे बॉथेलमधल्या लोकांसारखे व्हायचे.

निळ्या टाइल्सनी मढवलेल्या चर्चपाशी तू थांबलीस. “छत्री मीट,” म्हणालीस.

“लागेल तुला.”

“प्लास्टिकची आहे ती. मीट म्हटलं ना. मी इथं आली कशाला? कोणाला माहीत नाही म्हणून. आणि तू सगळ्या गावाला सांगून राहिली.”

मी छत्री मिटली नाही, तर तू माझ्या हातातून ओढून घेऊन मिटलीस. मग स्कार्फ काढलास, त्याची घडी केलीस आणि माझ्या पर्समध्ये कोंबलीस. डोक्यावर नुकती बारीक बारीक लव यायला लागली होती. समोर दारात खुर्ची टाकून एक म्हातारी शेगडीवर सार्डीन मासे भाजत होती. तू सरळ तिच्यासमोर गेलीस आणि आपण घरी मोठ्यांपुढे वाकतो तशी वाकलीस. मला वाटलं, ती डोक्यावरून हात फिरवेल आणि आता आपण दोघी रडणार. तिनं मांडीवरची हातोडी उचलली आणि सणसणीत हाणली. मग माशाचा एक तुकडा पावावर ठेवून तुझ्या हातात दिला. तू मास्क हनुवटीवर ओढून तिथंच उभ्यानं खाल्लास आणि बोटं चाटलीस. “महिने झाले बे, मला कोणी मारलं नव्हतं,” तू म्हणालीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते धुरानं आलं, असं तू नंतर अनेकदा सांगितलंस. मी ते कधीच मान्य केलेलं नाही.

मी अजूनही म्हणते, छत्री घेण्यात काही चूक नव्हती. ते असो.

मग आपण दोन हातोड्या विकत घेतल्या आणि गावभर भटकलो. तुझा वेग मी विसरलेच होते. चढ आला की मात्र तू भिंतीला टेकून उभी राहायचीस, आणि तेवढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाणून घ्यायचीस. पोलिसाला मारलंस. लग्नाचे फोटो काढायला आलेल्या नवरदेवाला मारलंस. एका कोपऱ्यावर बाई कुंड्या विकत होती, छोट्या पानांच्या तुळशीसारख्या झाडाच्या, प्रत्येकीत कागदी फूल खोचलेलं. तू वास घ्यायला नाक खाली नेलंस तशी ती केवढ्यानं तरी ओरडली. नाक लावलं तर झाड मरतं म्हणे. तळवा झाडावर ठेवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. तू तो तळवा माझ्या नाकाशी आणलास. आपल्या घरच्या तुळशीपेक्षा गोडसर वास होता. पुढं कितीतरी वेळ तू मधूनच तळवा हुंगत होतीस.

नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर आपण बसलो. खाली नदी उन्हात चमकत होती, लोखंडी पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती. तू मास्क खाली करून श्वास घेत होतीस. मी म्हटलं, आता ट्रायलचं बोलू या. घरून निघाल्यापासून मी तो विषय काखेत धरून होते.

“बोल,” तू म्हणालीस. “मी नाही घेऊन राहिली ट्रायल. आता बोल.”

मी बोलले. काय वाचलं, कुणाशी बोलले, कुणाच्या बहिणीला गुण आला, सगळं मुद्देसूद. शेवटी म्हटलं, “शक्यता कमी आहे, पण शून्य नाही.” नेमकं तेव्हा वरून एक अख्खं कुटुंब उतरत आलं. आजोबा, सुना, मुलं. प्रत्येकानं जाता जाता आधी तुला आणि मग मला एकेक हातोडी मारली. आजोबांनी मला दोन मारल्या. ते गेल्यावर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, “हं. शून्य नाही. पुढं?”

“निदान ईरासाठी तरी,” मी म्हटलं, आणि पूंक. कुणीतरी मागून.

त्या दुपारी मी आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाद घालत होते, आणि एकही वाक्य धड पूर्ण होत नव्हतं. मला हसू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. शेवटी लोकांची रांग जरा तुटली आणि तू बोललीस.

“ईरासाठीच नाही घेऊन राहिली. पोट्टी माझ्याशी भांडत नाही आता. लक्षात आलं का तुझ्या? सहा महिन्यांपूर्वी मला म्हणायची, यू आर सो अनफेअर. आता शुअर, मॉम. मी घरात आहे, पण पेशंट म्हणून आहे. ट्रायल घेतली तर शेवटपर्यंत पेशंटच राहीन, तेही हॉस्पिटलात. मला थोडे दिवस तिची आई म्हणून राहू दे ना.”

“आणि ट्रायलमुळे वर्ष-दोन वर्षं मिळाली तर? मग भांडेलच की ती.”

“नाही मिळाली तर?”

“घेतल्याशिवाय कळणार कसं?”

“तेच तर. तुला ते कळून घ्यायचं आहे. मला घरी जायचं आहे.”

मी म्हटलं, “मूर्ख आहेस तू.” चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं. खालच्या पायरीवरची माणसं वळून पाहायला लागली. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मी तुला बक्षीसच दिलं आहे.

“म्हणून तर तुला आणलं,” तू म्हणालीस. “समीर रडला असता. बाकीच्यांनी मान हलवली असती. तू भांडशील हे माहीत होतं. मी ऐकणार नाही अनघा. पण तू सोडू नको.”

ऊन मावळायच्या आतच तू दमलीस. रात्रीचे फटाके पाहायला सगळं गाव नदीकडे निघालं, तेव्हा आपण उलट दिशेनं खोलीकडे चढत होतो आणि उतरणारी सगळी गर्दी आपल्याला मारत होती. खोलीवर आल्या आल्या तू झोपलीस. ती शांत झोप पाहून मला इतकं बरं वाटलं, की तुझे बूट काढायचे राहिले होते, तेही मी तसेच राहू दिले.

परत आल्यावर तू डॉक्टरांना नकार कळवलास. आणि नंतर जे दिवस आले ते आले. तुझी भूक परतली. नागपूरहून तुझ्या आई, आमच्या काकू, आल्या आणि त्यांनी तुझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन तुला नको नको करून सोडलं. एका शनिवारी तू ईराला गाडी शिकवायला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलंस आणि मला साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर बसवलंस. तुझं चालूच होतं, ब्रेक, अगं ब्रेक, आरसा कोण बघणार, मी? ईरा आधी गप्प होती. मग तिचे कान लाल झाले. मग तिनं मधोमध गाडी थांबवली आणि किंचाळली, “मॉम, स्टॉप येलिंग ॲट मी! यू आर इम्पॉसिबल!” आणि गाडीतून उतरून पार मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी घाबरले. तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस. पोर बोर्डात आल्यासारखा तुझा चेहरा झाला होता. “ऐकलं का?” म्हणालीस. “इम्पॉसिबल म्हणाली मला.”

तो सबंध उन्हाळा तुमचं घर गाजत होतं. कपड्यांवरून, कॉलेजच्या निबंधावरून, काकूंच्या मध्ये पडण्यावरून. समीर संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचा आणि माझ्याकडे येऊन चहा घेत बसायचा. “आज दोघी पुन्हा,” एवढंच सांगायचा, आणि हसायचा. तुमच्या घरी इतकं हसू मी त्याआधीच्या वर्षात पाहिलं नव्हतं. पानं गळायला लागली तसं तुझं बळ ओसरलं. त्यानंतरचं मी इथं लिहीत नाही. तू होतीस तिथं, तुला माहीत आहे.

शेवटच्या दिवसांत एकदा तू विचारलंस, “अजून वाटतं का गं तुला, घ्यायला हवी होती ट्रायल?” खोटं बोलायची तीच वेळ होती. मी म्हटलं, “हो.” तू डोळे मिटून हसलीस आणि माझा हात दाबलास.

आता कालचं सांगते. दुपारी ईरा एकटी गाडी चालवत आली. हातात माझे रिकामे डबे होते. मी तिला जवळ घेतलं आणि सगळे बोलतात त्याच मऊ आवाजात म्हटलं, “बस बाळा, काही खातेस का?” ती माझ्यापासून दूर झाली.

“मावशी, प्लीज. सगळे माझ्याशी लायब्ररीत असल्यासारखं बोलतात.” मग डबे ओट्यावर ठेवून म्हणाली, “मला एक विचारायचंय. मॉमनं ट्रायल का नाही घेतली? डॅडला विचारलं की तो रडतो. आजी म्हणते, देवाची इच्छा. तू तिच्याबरोबर पोर्तोला होतीस. तू तिला काही सांगितलं नाहीस?”

“सांगितलं.”

“मग नीट सांगितलं नसशील. आय लुक्ड इट अप. चान्सेस कमी होते, पण झीरो नव्हते. शी जस्ट गेव्ह अप.”

रेवती, तोपर्यंत मी समजूत घालायच्या बेतात होते. ते ‘गेव्ह अप’ ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. “कुणी? तुझ्या आईनं?” मी म्हटलं. “तुझ्या आईनं आयुष्यात एक वाद तरी सोडला होता का?” आणि मी सुरू झाले. तिला हॉस्पिटलात राहायचं नव्हतं, घरी राहायचं होतं. तिला पेशंट म्हणून दिवस काढायचे नव्हते. ईरा म्हणत होती, वर्ष-दोन वर्षं मिळाली असती तर? मी म्हणत होते, नसती मिळाली तर? ती म्हणाली, घेतल्याशिवाय कसं कळणार? माझं पायऱ्यांवरचं एकेक वाक्य ती माझ्याच तोंडावर फेकत होती, आणि मला तुझी उत्तरं पाठ होती.

मग ती एकदम थांबली. “घरी म्हणजे माझ्यासाठी?” म्हणाली. “मी तिला राहा म्हटलं नव्हतं. आय डिडन्ट आस्क हर टु.”

मी तिचा चेहरा पाहिला. आता जर मी चुकीचं बोलले असते, तर पोरीनं ते ओझं जन्मभर वाहिलं असतं. मग मी तू बोलली असतीस तसं बोलले. “तुला कोण विचारत होतं?” म्हटलं. “तुला न विचारता तिनं तुला मराठी शाळेत घातलं. तुला न विचारता केस कापून आणले. हेही तुला न विचारता ठरवलं. तुझ्यामुळे नाही आणि माझ्यामुळेही नाही. तिला तुझ्याबरोबर घरात भांडत राहायचं होतं, ते तिला हवं होतं म्हणून तिनं घेतलं. आणि तो उन्हाळा तुलाही मिळाला, मलाही मिळाला.”

ईरा ओट्याला टेकून रडली. मोठ्यानं, नाक वाहत, लहानपणी रडायची तशी. मी जवळ गेले नाही. रडून झाल्यावर तिनं सिंकमध्ये तोंड धुतलं, माझ्या चांगल्या नॅपकिनला पुसलं आणि म्हणाली, “आय स्टिल थिंक शी वॉज राँग.”

“मलाही तसंच वाटतं,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “काय? मग तासभर माझ्याशी का भांडलीस?”

“तुझी आई नाही ना आता इथं,” मी म्हटलं. “तिच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं.”

तिनं बूट घातले, किल्ली घेतली. दारातून मागे वळून म्हणाली, “मी उद्या परत येते. माझे अजून पॉइंट्स आहेत.”

रेवती, तुझे आभार मानायचे राहून गेले. पोर्तोच्या त्या पायऱ्यांवर तू मला भांडायला नेलंस, त्याबद्दल. मला सोडू नको म्हणालीस, त्याबद्दल. माझं ऐकलं नाहीस, त्याबद्दल तर सगळ्यात जास्त. ट्रायल घ्यायला हवी होती असं मी अजूनही म्हणेन, पण तुझ्यासमोर म्हणेन, आणि तू नाहीस.

खाली ड्राइव्हवेत गाडी लागल्याचा आवाज आला. वाकडी लावली असणार. ईरा आली आहे, मी उठते. आज मला पुन्हा तुझी बाजू मांडायची आहे.